स्मोकरचा जाळ: हवा कोंडू नका, लाकूड आवरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबडमधल्या एका फॅब्रिकेटरकडून तुम्ही ऑफसेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायची भट्टी, बनवून घेतला आहे: एका बाजूला जाळाची पेटी, तिला जोडलेला मांस ठेवायचा आडवा पिंप आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. पत्रा 3 मिमी. जळण बाभळीचं, तेही एका व्हिडिओत पाहून पाण्यात भिजवलेलं. पारा एकदा 90 वर येतो, एकदा 180 च्या पुढे जातो. वाढला की तुम्ही हवेची झडप लावून घेता, मग पांढरा धूर कोंडतो, झाकणातून काळे थेंब गळतात आणि मटण कडवट लागतं. आखाडात, गटारीच्या आधीच्या रविवारी रात्री पंधरा-वीस माणसं जेवायला आहेत.

त्या झडपेपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या बहुतेक तक्रारी तिथूनच आल्या आहेत. गॅसच्या शेगडीची सवय असलेला माणूस झडपेकडे शेगडीचं बटण म्हणून बघतो: फिरवलं की आच कमी. गॅसवर ते चालतं, कारण बटण फिरवल्यावर इंधनच कमी येतं. इथे झडप लावली तरी पेटीतलं लाकूड तेवढंच राहतं. ते तापलेलं असतं आणि तापत राहतं, फक्त त्याला जळायला हवा मिळत नाही.

लाकूड जळतं म्हणजे काय होतं, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. आधी त्यातलं पाणी उडतं. मग साधारण 250-300 अंशांच्या पुढे लाकूड फुटायला लागतं आणि त्यातून जळाऊ वायू निघतात. ज्वाळा दिसते ती या वायूंची. पुरेशी उष्णता आणि हवा असेल तर हे वायू जवळजवळ पूर्ण जळतात आणि थोडासा फिकट, निळसर धूर उरतो. त्यातले कण इतके बारीक असतात की उजेडातला निळा भाग जास्त विखुरतो, म्हणून तो निळा दिसतो. मांसाला जी चव हवी ती त्याच धुरात असते. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की वायू न जळताच बाहेर पडतात. थंड पत्र्याला आणि थंड मांसाला लागले की त्यांचं डांबर होतं. तुमच्या झाकणातून गळणारे काळे थेंब म्हणजे तेच. ते मटणावरही बसतं, आणि कडू लागतं ते त्यामुळे. मसाल्याचा यात काही दोष नाही.

म्हणून पहिला नियम: धुराडं कायम पूर्ण उघडं. त्यावर झाकणी दिली असेल तर काढून ठेवा. झडप निम्म्याच्या वर उघडीच ठेवा. मी तर बऱ्याचदा पेटीचं दारही बोटभर किलकिलं ठेवतो. तापमान हवेवर धरायचं नाही, पेटीत एका वेळी किती लाकूड जळतंय यावर धरायचं. जाळ लहान, पण मोकळा श्वास घेणारा. मोठा जाळ कोंडून लहान केला की धूर घाण होतोच, त्यावर उपाय नाही.

टेक्सासमध्ये या प्रकारच्या भट्ट्या चालवणारे लोक साधारण 107 ते 135 अंश सेल्सिअस या पट्ट्यात काम करतात. तिकडे ते 225 ते 275 फॅरनहाइट म्हणतात. काटा त्या पट्ट्यात वर-खाली होणारच. लाकूड घातलं की दहा-पंधरा अंश चढतो, मग उतरतो. 120 वर सुई खिळवून ठेवायच्या नादात माणूस सारखा झडपेशी खेळत बसतो आणि जाळ बिघडवतो. तुमची 90 ते 180 ही उडी मात्र मोठी आहे. ती दोन कारणांनी होते: खाली निखाऱ्यांचा थर नसतो आणि फाटे फार जाड असतात.

निखाऱ्यांचं आधी. उष्णतेचा पाया निखारे, ज्वाळा त्याच्या वरची. पेटीत चार बोटं जाडीचा लालभडक थर असेल तर त्यावर ठेवलेला फाटा दोन-तीन मिनिटांत पेट घेतो. थर नसेल तर नवा फाटा नुसता धुमसतो, काटा खाली जातो, तुम्ही घाबरून आणखी दोन फाटे टाकता, मग तिन्ही एकदम पेटतात आणि काटा 180 वर. तुमची गोष्ट हीच असावी, असा माझा अंदाज आहे. थर बनवायला सुरुवातीला पाऊण ते एक तास द्यावा लागतो. अर्धी टोपली लाकडी कोळसा पेटवून पेटीत पसरा, त्यावर बारीक फाटे दोन-तीन खेपांनी घाला, दार सताड उघडं ठेवा. रॉकेल, पेट्रोल काही नको, त्याचा वास मांसात उतरतो. नारळाच्या करवंट्या आणि सुक्या ढलप्या पुरतात. या तासाभरात भरपूर धूर येईल, येऊ द्या. मांस तेव्हा फ्रीजमध्येच असू द्या. धुराडं तापलं की ओढ लागते, धूर पातळ होतो आणि धुराडाच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरताना दिसते. मांस तेव्हा आत ठेवायचं.

आता फाटे. वखारीत मिळतात तसे मांडीएवढे ओंडके हॉटेलच्या भट्टीला ठीक, तुमच्या पेटीला नाहीत. लांबी एक ते सव्वा फूट, जाडी मनगटाएवढी, साधारण दोन-अडीच इंच. वखारवाला फोडून देईल, पण जाडच देईल; घरी कुऱ्हाडीने पुन्हा एक-दोन फोडी कराव्या लागतात. साल शक्यतो उडवून टाका, विशेषतः बाभळीची. पेटीत फाटे एकमेकांना चिकटवून रचू नका. एक आडवा, त्यावर एक तिरका, मधे बोट जाईल एवढी फट, म्हणजे हवा खेळते. पुढचा फाटा वीस-पंचवीस मिनिटं आधीच पेटीच्या माथ्यावर ठेवून तापवा. गरम फाटा निखाऱ्यावर टेकताच पेटतो आणि पांढऱ्या धुराचा झोत येतच नाही. एवढीशी सवय, पण फरक सगळ्यात जास्त तिनेच पडतो. फक्त माथ्यावर ठेवून विसरू नका, तिथेही लाकूड पेट घेतं.

पुढचा फाटा कधी घालायचा? साधारण अर्ध्या ते पाऊण तासाने, पण घड्याळ लावून नाही. दार उघडून बघा. आधीचा फाटा चिरा पडून निखारा होत आलाय, ज्वाळा आखूड झालीय आणि काटा नुकताच उतरणीला लागलाय, तीच वेळ. काटा 100 च्या खाली गेल्यावर जागं झालात तर उशीर झाला. फाटा घातल्यावर तो नीट पेटेपर्यंत दार उघडंच ठेवा, मग ओढून घ्या. तेवढ्यात काटा पाचेक अंश पडला तर पडू द्या.

पाण्यात भिजवायचा सल्ला विसरा. भिजवलेल्या लाकडातलं पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2260 किलोज्यूल लागतात, आणि ते जळणातूनच वजा होतात. तोवर लाकूड धुमसत राहतं. धूर जास्त दिसतो म्हणून चव जास्त येईल असं लोकांना वाटतं. तो सगळा पांढरा धूर असतो.

लाकूड सुकलेलं आहे की नाही, हे ओळखायला दोन फाटे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर सुकं, भद्द आला तर ओलं. टोकांना किरणांसारख्या चिरा हव्यात. खात्री हवी तर टोचून बघायचं मॉइश्चर मीटर घ्या, पण ते बाहेरून टोचू नका. फाटा फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. 15 ते 20 टक्के ओल उत्तम. 25 च्या वर असेल तर ते लाकूड बाजूला काढा. आपल्याकडे उलटा त्रासही होतो. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर पडलेलं लाकूड इतकं वाळतं की ते भसाभस जळतं आणि काटा एकदम उडतो. तशा लाकडाचे फाटे थोडे जाड ठेवायचे.

झाडांचं म्हणाल तर नाशिकला कमी नाही. टेक्सासवाले पोस्ट ओक या तिकडच्या ओकच्या लाकडावर जीव टाकतात. आपण आपल्याकडचं वापरावं. बाभूळ जड, निखारा दीर्घ टिकणारा; पाया तिचाच करा. पण नुसत्या बाभळीचा धूर मला उग्र वाटतो. वर आंबा किंवा पेरू घाला. पेरूचं लाकूड मिळालं तर सोडू नका, त्याचा धूर सौम्य आणि गोडसर असतो. जांभूळ चांगलं, बोर चांगलं. चिंच जड असते आणि फार गरम जळते, तिचे फाटे बारीक करा. शहरात वादळाने पडलेल्या फांद्यांवर नजर ठेवायला हरकत नाही, पण उभ्या झाडाला हात लावू नका. त्याला महापालिकेची परवानगी लागते.

आणि द्राक्ष. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडे कुणी ओळखीचं असेल तर छाटणीच्या काड्या लगेच देऊ करतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्ही वेळा बांधावर ढीग पडलेले असतात. फुकट मिळतात म्हणून घ्यायच्या नाहीत. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण, गंधक आणि इतर फवारे वर्षभर चालू असतात आणि ते सालीवर बसतात. अन्नाला लागणाऱ्या धुरात मला ते नको. जुनी बाग काढली असेल तर तिची खोडं घ्या, साल पूर्ण सोलून काढा, तारेचे तुकडे आणि खिळे राहिलेत का बघा, आणि एक उन्हाळा सावलीत वाळवा. मग तो फाटा सुरेख जळतो, पण लवकर संपतो. चवीसाठी शेवटी एखादा घालावा, पूर्ण स्वयंपाक त्यावर काढू नये.

काय वापरायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. कण्हेर अजिबात नाही. रस्त्याच्या दुभाजकावरची छाटलेली कण्हेर सरपण म्हणून उचलणारे लोक मी पाहिलेत. ते झाड सगळंच विषारी आहे. निलगिरी तेलकट, कडुनिंब कडू. सातपूर-अंबडच्या कंपन्यांबाहेर पॅकिंगच्या फळ्या आणि पॅलेट पडलेले असतात, त्यात चीड, म्हणजे पाइनचं लाकूड असतं, राळ असते, वर रसायन मारलेलं असू शकतं. प्लायवूड, सनमायका, रंग दिलेलं जुनं दार, यातलं काहीही नको.

भट्टीबद्दल एकच खातरजमा करा: फॅब्रिकेटरने कुठे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा लावलाय का? जाळाच्या पेटीत तो असेल तर बदलून घ्या. तापला की जस्ताचा धूर निघतो आणि तो अंगाला बाधतो. पिंप जुना असेल तर आधी त्यात काय भरलं होतं हेही विचारा. 3 मिमी पत्रा चालेल, पण तो उष्णता धरून ठेवत नाही. 6 मिमीची भट्टी तापायला वेळ घेते, मग जाळातले चढउतार गिळते. तुमची गिळणार नाही. उपाय स्वस्त आहे. मांसाच्या जाळीखाली चार-सहा फायर ब्रिक, म्हणजे भट्टीच्या विटा, ठेवा आणि पेटीकडच्या टोकाला पाण्याचा पसरट ट्रे. विटा उष्णता साठवतात, पाणी उडी आवरतं.

पेटीत लाकूड थेट तळावर पडतंय का तेही बघा. खाली दोन-तीन इंच उचललेली जाळी हवी, म्हणजे निखाऱ्याखालून हवा जाते आणि राख गळून पडते. दर तास-दीड तासाने सळईने राख खाली झाडा. राखेने जाळी बुजली की झडप सताड उघडी असूनही जाळ मलूल होतो, आणि माणूस उगाच लाकडाला दोष देतो.

झाकणावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. तो झाकणाची हवा मोजतो, मटण खाली जाळीवर असतं. पेटीकडचं टोक आणि धुराडाकडचं टोक यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. जाळीवर, मांसाच्या शेजारी एक प्रोब, म्हणजे टोचायचा थर्मामीटर, लावा आणि दुसरा मांसात. प्रोब उकळत्या पाण्यात तपासून घ्या. पण नाशिकमध्ये तो 100 दाखवणार नाही. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहोत, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. 98 दाखवत असेल तर प्रोब बरोबर आहे, परत करायला जाऊ नका.

आता आखाड, म्हणजे पाऊस. लाकूड आजच घरात आणा. खाली विटा ठेवून जमिनीपासून उचला, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलं तर आत दमट होऊन बुरशी येते. लागणारे फाटे आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात आणून ठेवा. भट्टीवर पत्र्याची शेड हवी, कारण पावसाचे थेंब 3 मिमी पत्र्यावर पडले की काटा बघता बघता वीस अंश खाली येतो. शेड चारी बाजूंनी उघडी. पार्किंगमध्ये, गॅलरीत किंवा शटर अर्धं ओढलेल्या गाळ्यात भट्टी लावायची नाही, मग बाहेर कितीही ओतत असो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि तो माणूस मारतो.

वाऱ्याचंही बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या बाजूने येतो. पेटीच्या झडपेचं तोंड थेट वाऱ्यावर ठेवलं तर झोताबरोबर जाळ भडकतो. भट्टी थोडी तिरकी लावा किंवा झडपेपुढे हातभर अंतरावर पत्रा उभा करा. वारा रोखायला झडप मिटू नका.

काटा चढलाच तर? 150 पर्यंत गेला तर काही करू नका, पुढचा फाटा उशिरा घाला. 170 च्या वर जायला लागला तर लांब चिमट्याने जळता फाटा उचलून लोखंडी घमेल्यात काढून ठेवा. हे जमतं, हातमोजे घाला म्हणजे झालं. पाणी मारू नका. वाफेबरोबर राख उडून मटणावर बसते. काटा पडलाच आणि निखारेही विझत आले तर जाड फाटा टाकू नका. बाहेर थोडा कोळसा पेटवा, तो लाल झाला की आत घाला, त्यावर दोन बारीक फाटे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही घाबरून जाळ वाढवाल. मांसाचं आतलं तापमान 65-70 च्या आसपास येऊन तासभर किंवा जास्त वेळ अडकतं. काटा हलत नाही. जाळ बरोबर असतो, मांसातून उडणारं पाणी त्याला थंड ठेवत असतं. तेव्हा मटण दोन पदरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, की गाडी पुढे सरकते. एकदा गुंडाळलं की धुराची गरज संपली, उरते ती फक्त उष्णता. त्या दिवशी पाऊस फारच झोडपत असेल आणि जाळ हातात राहत नसेल तर गुंडाळलेलं मटण खुशाल घरच्या ओव्हनमध्ये 130 वर ठेवा. शुद्धतावादी नाक मुरडतील. पाहुण्यांना फरक कळणार नाही.

रविवारचं गणित असं. पंधरा-वीस माणसांना खाटकाकडून बोकडाचे चार पुढचे फरे अख्खे घ्या, दीडेक किलोचा एक. तुकडे करू नका म्हणून बजावून सांगा, नाहीतर सवयीने हात चालतो. शनिवारी रात्री नुसतं मीठ, रविवारी सकाळी काळा मसाला, आलं-लसूण आणि थोडं तेल. साखर किंवा गूळ लावू नका, काटा चढला की ते करपतं. रात्री आठला वाढायचं असेल तर साडेबाराला जाळ पेटवा, पावणेदोनला फरे आत, जाड बाजू पेटीकडे. 120 ते 130 धरा. दोन तासांनी फरे फिरवा, त्यापूर्वी झाकण उघडून बघत बसू नका. साडेचार-पाचला रंग गडद तांबूस झाला की गुंडाळा. साडेसहा-सातला हाडाजवळ सुरी लोण्यात गेल्यासारखी जाईल, प्रोब 93-95 दाखवेल. काढा, फॉइलसकट जाड टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलबॉक्समध्ये तासभर ठेवा. सुकं लाकूड वीस-पंचवीस किलो हाताशी असू द्या. प्रत्यक्षात त्याहून कमीच लागेल, पण आखाडात वखारीतलं लाकूड ऐन वेळी ओलंच मिळणार.

त्याआधी एक रविवार मोकळा असेल तर मांस न घालता भट्टी तीन तास चालवून बघा. नुसते फाटे घाला, काटा आणि धुराचा रंग बघत बसा, दर वीस मिनिटांनी कागदावर आकडा टिपा. जाळीवर चार-पाच ठिकाणी पावाच्या स्लाइस ठेवल्या तर कुठल्या आधी लाल होतात त्यावरून कुठला कोपरा तापट आहे हेही कळेल, म्हणजे फरे कुठे ठेवायचे ते ठरवता येईल.